अंगावर पाजणाऱ्या आईसाठी गर्भनिरोधक इम्प्लांट

गर्भनिरोधक इम्प्लांट म्हणजे दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीच्या लगेच खाली बसवली जाणारी लवचीक काडी. सध्या अधिक वापरात असलेल्या एकेरी काडीची लांबी 4 सेंटिमीटर आणि जाडी 2 मिलिमीटर असते. आगपेटीतल्या काडीएवढीच ती दिसते. तिच्यात एटोनोजेस्ट्रेल नावाचे संप्रेरक 68 मिलिग्रॅम असते. ते तीन वर्षे कणाकणाने रक्तात मिसळत राहते. सुरुवातीच्या आठवड्यांत रोज 60 ते 70 मायक्रोग्रॅम, पहिल्या वर्षाच्या शेवटी 35 ते 45 आणि तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस 25 ते 30 मायक्रोग्रॅम, असा हा उतरता क्रम असतो. दुसरा प्रकार दोन काड्यांचा. त्यातल्या प्रत्येक काडीत 75 मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते आणि ती जोडी पाच वर्षे चालते. ही दोन्ही संप्रेरके प्रोजेस्टेरॉनच्या जातकुळीतली आहेत. इस्ट्रोजेन यांपैकी कोणत्याही काडीत नसते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची बाब आहे.

संप्रेरक रक्तात पोहोचले की मुख्यतः बीजांडकोशातून बीज बाहेर पडणे थांबते. शिवाय गर्भाशयाच्या मुखाशी असणारा स्राव घट्ट होतो आणि शुक्राणूंना वर जाण्याची वाट मिळत नाही. या दुहेरी अडसरामुळे इम्प्लांट हे आजच्या घडीला उपलब्ध असलेल्या सर्वांत खात्रीच्या साधनांपैकी एक ठरले आहे: एक वर्ष वापरणाऱ्या 1,000 स्त्रियांपैकी जेमतेम एखादीला दिवस जातात. गोळी विसरते, इंजेक्शनची तारीख चुकते. इम्प्लांटच्या बाबतीत विसरण्यासारखे काही उरतच नाही. रात्री तीनतीनदा उठणाऱ्या बाळंतिणीला हा फायदा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बाळ अंगावर पीत आहे तोवर दिवस जात नाहीत, हा समज घरोघरी आहे आणि तो अर्धाच खरा आहे. स्तनपानाने बीज बाहेर पडणे लांबते, पण त्या संरक्षणाला तीन अटी आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतले असावे, आईची पाळी परत आलेली नसावी आणि बाळ दिवसरात्र केवळ आईच्याच दुधावर असावे. तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तर संरक्षण सुमारे 98 टक्के मिळते. वरचे दूध सुरू झाले, रात्रीचे पाजणे सुटले किंवा एकदा अंगावर गेले, की हा हिशेब संपला. पाळी परत येण्याच्या आधी बीज बाहेर पडते, त्यामुळे पाळीची वाट पाहत बसलेल्या आईला पाळी न येताच दिवस राहू शकतात. जी आई बाळाला अंगावर पाजतच नाही तिच्यात तर प्रसूतीनंतर चौथ्या आठवड्यातही बीज बाहेर पडू शकते. एका बाळंतपणानंतर पुढचा गर्भ राहण्यापूर्वी किमान 24 महिने जावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अंतर फार कमी पडले तर आईचे रक्त भरून येत नाही, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते आणि मांडीवरच्या बाळाचे दूधही लवकर तुटते.

यानंतरचा प्रश्न प्रत्येक घरात निघतो: दूध आटणार नाही ना? हा प्रश्न रास्त आहे, कारण संप्रेरके आणि दूध यांचा संबंध खराच जवळचा आहे. गरोदरपणात वार मोठ्या प्रमाणावर प्रोजेस्टेरॉन तयार करते आणि ते दुधाला थोपवून धरते. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते, प्रोलॅक्टिनला मोकळीक मिळते आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात चिकाच्या जागी भरपूर दूध येऊ लागते. म्हणूनच प्रसूतीनंतर लगेच प्रोजेस्टेरॉनसारखे औषध दिले तर पान्हा लांबेल अशी शंका तज्ज्ञांनाही होती, आणि बरीच वर्षे सहा आठवडे थांबण्याचा नियम पाळला जाई. पुढे प्रत्यक्ष तुलना झाली. अमेरिकेतील यूटा राज्यात 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही मातांना प्रसूतीनंतर पहिल्या ते तिसऱ्या दिवसात आणि इतरांना चार ते आठ आठवड्यांनी इम्प्लांट बसवले गेले. दूध भरून येण्याच्या वेळेत दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये आपले निकष बदलले. अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांच्या आतही इम्प्लांट बसवता येते, कारण अशा वेळी फायदा सर्वसाधारणपणे धोक्यापेक्षा जास्त असतो. सहा आठवड्यांनंतर तर कोणतेच बंधन नाही, असे हे निकष सांगतात.

संप्रेरकाचा थोडा अंश दुधात उतरतो, हे लपवण्याचे कारण नाही. आईच्या शरीरात रोज सुटणाऱ्या मात्रेच्या सुमारे 0.2 टक्के इतका तो असतो आणि काळ जाईल तसा कमी होतो. बाळाच्या वजनाच्या हिशेबाने पाहिले तरी तो आईच्या मात्रेच्या दोन टक्क्यांच्या आसपास राहतो. प्रसूतीनंतर चौथ्या ते आठव्या आठवड्यात इम्प्लांट बसवलेल्या मातांच्या 38 बाळांवर तीन वर्षे लक्ष ठेवले गेले. तांबी बसवलेल्या मातांच्या 33 बाळांशी तुलना करता त्यांच्या शारीरिक आणि बौद्धिक वाढीत फरक दिसला नाही. संख्या लहान आहे, पण याच्या विरुद्ध जाणारा पुरावा इतक्या वर्षांत समोर आलेला नाही. इम्प्लांटनंतर दूध कमी झाल्यासारखे वाटले तर आधी बाळ स्तनाला नीट पकडते का, दिवसातून किती वेळा पाजले जाते, वरचे काही सुरू झाले आहे का, हे पाहावे. बाळ पुरेशी लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल तर दूध पुरते आहे. मात्र बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल किंवा आईला मागच्या खेपेला दूधच कमी आले असेल, तर दूध पुरते बसेपर्यंत काही आठवडे थांबण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येतो.

इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. माला-एन सारख्या मिश्र गोळ्यांनी दूध कमी होऊ शकते आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही वाढतो. म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईने पहिल्या सहा आठवड्यांत त्या अजिबात घ्यायच्या नसतात आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत टाळायच्या असतात. गोळीने दूध गेले, अशा शेजारपाजारच्या हकिकती याच गोळ्यांच्या असण्याची शक्यता मोठी आहे. त्या हकिकतींवरून इम्प्लांटला नकार देणे चुकीचे ठरेल.

इम्प्लांट कधी बसवावे याचे उत्तर आईच्या सोयीनुसार बदलते. प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर घरी जाण्यापूर्वीच ते बसवता येते. सिझेरियन झालेल्या आईलाही चालते, कारण गर्भाशयाला हातही लावावा लागत नाही. केवळ अंगावर पाजणारी, पाळी न आलेली आणि प्रसूतीला सहा महिने न झालेली आई कोणत्याही दिवशी ते बसवून घेऊ शकते. तिला सोबत दुसरे साधन लागत नाही. बाळ सहा महिन्यांपेक्षा मोठे असेल आणि पाळी आलेली नसेल तर दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून घ्यावी आणि बसवल्यानंतर सात दिवस निरोध वापरावा. पाळी सुरू झाली असेल तर एकेरी काडी पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत बसवावी म्हणजे लगेच संरक्षण मिळते. नंतर बसवल्यास पुन्हा सात दिवसांचा निरोध आलाच. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि तीनचार महिन्यांनी आई सासरी परतते. अशा वेळी माहेरच्या गावी इम्प्लांट बसवायचे असेल तर सासरच्या जवळ पुढची तपासणी कुठे होईल हे आधीच ठरवून घ्यावे.

बहुतेक मातांना इम्प्लांट चालते. रक्तपांढरी, गरोदरपणातला मधुमेह, गरोदरपणात वाढलेला आणि नंतर उतरलेला रक्तदाब, थायरॉइडचा आजार यांपैकी कशानेही अडत नाही. विदर्भातील आणि नंदुरबारकडील आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेलच्या रुग्ण स्त्रियांसाठीही ते सुरक्षित मानले जाते, आणि त्यांना तर दोन बाळंतपणांतल्या अंतराची गरज इतरांपेक्षा जास्त असते. ज्यांनी घेऊ नये त्यांची यादी छोटी पण ठाम आहे. स्तनाचा कर्करोग असलेल्या स्त्रीला इम्प्लांट कधीच देत नाहीत. पूर्वी होऊन बरा झाला असेल तरी सहसा टाळतात. कारण न कळलेला रक्तस्राव, यकृताचा गंभीर आजार किंवा गाठ, आणि पायात किंवा फुप्फुसात सध्या असलेली रक्ताची गुठळी, या स्थितींत आधी तपासणी आणि उपचार. साधनाचा निर्णय त्यानंतर.

एक इशारा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे आणि तो सांगायचा राहून जातो. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन यकृताला इतके कामाला लावते की इम्प्लांटमधले संप्रेरक रक्तातून वेगाने संपते आणि संरक्षण ढासळते. फिटांवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटल, तसेच एचआयव्हीवरील एफाव्हिरेन्झ, ही औषधेही असेच करतात. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिने चालतो आणि औषध बंद झाल्यावरही जवळपास महिनाभर हा परिणाम टिकतो. अशा आईसाठी तांबी किंवा तीन महिन्यांचे इंजेक्शन अधिक भरवशाचे, कारण त्यांवर रिफाम्पिसिनचा असा परिणाम होत नाही. इम्प्लांट असताना कोणतेही दीर्घ औषध सुरू होत असेल तर दंडात काडी आहे हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. लिहून देणाऱ्याला ते दिसत नसते.

बसवण्याची क्रिया काही मिनिटांत आटोपते. ज्या हाताने कामे कमी होतात त्या हाताचा दंड निवडतात, कोपराच्या वर आतल्या बाजूची जागा बधिर करतात आणि खास सुईने काडी कातडीखाली सोडतात. टाका घालावा लागत नाही. पट्टी चोवीस तास घट्ट ठेवतात, आतली छोटी पट्टी तीन ते पाच दिवस. थोडे काळेनिळे पडते, दुखते, आठवड्याभरात ओसरते. बाळाला त्या हातावर घेण्याने, त्याचे डोके तिथे टेकल्याने किंवा घरकामाने काडी मोडत नाही की सरकत नाही. बसवल्यावर तिथेच आईने स्वतः बोट लावून काडी चाचपून पाहावी. हे फार महत्त्वाचे आहे: काडी हाताला लागली तरच ती योग्य जागी बसल्याची खात्री. लागली नाही तर निरोध वापरून सोनोग्राफीने शोध घ्यावा. नव्या एकेरी काडीत बेरियम घातलेले असल्याने ती एक्स-रेतही दिसते. काडी फार खोल बसणे किंवा जागेवरून सरकणे क्वचितच घडते, आणि त्याचे मुख्य कारण अननुभवी हात हेच असते. बसवल्याची तारीख, दंड डावा की उजवा आणि काढण्याची तारीख लिहिलेले कार्ड बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर जपून ठेवावे.

इम्प्लांट मुदतीआधी काढून टाकण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे अंगावरून जाण्याचे बदललेले रूप. एकेरी काडीच्या चाचण्यांत सुमारे पाचातल्या एका स्त्रीला पाळी येतच नव्हती, तिघींतल्या एकीला ती विरळ येत होती, साधारण सहांतल्या एकीला रक्तस्राव लांबत होता, तर थोड्या जणींना तो वारंवार होत होता. पहिले तीन ते सहा महिने हे चित्र विशेष अनियमित असते. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी तशीही बंद असते, त्यामुळे तिला सुरुवातीला हा त्रास बऱ्याचदा कमी जाणवतो आणि बाळाचे पाजणे कमी झाल्यावर डाग दिसू लागतात. बाळंतपणानंतरचा स्राव चारसहा आठवडे चालतो. त्याच काळात बसवलेल्या इम्प्लांटमुळे तो लांबला असे वाटू शकते.

पाळी न येणे म्हणजे रक्त पोटात साचणे नव्हे. गर्भाशयाचे अस्तर पातळच राहते, म्हणून बाहेर टाकण्यासारखे काही तयारच होत नाही. आधीच रक्त कमी असलेल्या आईला त्याचा फायदाच होतो. ही एक गोष्ट बसवण्यापूर्वी आईला, आणि तिची इच्छा असेल तर घरच्यांनाही, नीट समजावली तर पुढची निम्मी घबराट टळते. याउलट सतत डाग पडत राहिले तर देवधर्म, स्वयंपाकघर, नवऱ्याशी संबंध अशा सगळ्या बाजूंनी बाईची कुचंबणा होते. तिला हे क्षुल्लक आहे, सवय होईल, असे म्हणून परत पाठवणे योग्य नाही. वेदनाशामक गटातली आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडसारखी औषधे पाच दिवस घेतल्याने अनेकींचा रक्तस्राव थांबतो. कोणते औषध, किती, हे डॉक्टर ठरवतात. मिश्र गोळ्यांचा उपाय इतरांना दिला जातो, पण बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजणारीने तो टाळावा. औषधाने भागले नाही आणि तिला काडी नकोच असेल, तर ती काढून टाकणे हाही योग्य उपचारच आहे.

डोके दुखणे, स्तन जड वाटणे, मुरमे, वजनात वाढ, मन उदास होणे, हे परिणाम काहींना जाणवतात. उदासीबद्दल दोन शब्द वेगळे बोलायला हवेत. बाळंतपणानंतरचे नैराश्य मुळातच पुष्कळ स्त्रियांना गाठते आणि त्याचा दोष काडीवर टाकून मोकळे होणे सोपे असते. रडू येत राहणे, बाळाबद्दल काहीच न वाटणे, जीव नकोसा होणे, असे होत असेल तर काडी असो वा नसो, तातडीने डॉक्टरांकडे जावे. दोन तास दर तासाला दोन पॅड भिजतील असा रक्तस्राव, ओटीपोटात तीव्र कळ, एकाच पायाला सूज आणि दुखणे, अचानक दम लागणे, कावीळ, स्तनात गाठ, बसवलेल्या जागी पू किंवा ताप, यांपैकी काहीही झाले तर थांबू नये.

इम्प्लांट लैंगिक आजारांपासून वाचवत नाही. तो धोका असेल तर निरोध हवाच. आणि ते एकमेव साधनही नाही. तांबी प्रसूतीनंतर 48 तासांत बसवता येते, किंवा मग चार आठवड्यांनंतर. तिच्यात संप्रेरक अजिबात नसते. 'अंतरा' हे इंजेक्शन सरकारी कार्यक्रमात 2017 पासून मोफत मिळते, अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर देतात, पण ते थांबवल्यावर दिवस राहायला कित्येक महिने लागू शकतात. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत तयार झालेली 'छाया' ही संप्रेरकविरहित गोळी दुधावर परिणाम करत नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा ती लक्षात ठेवून घ्यावी लागते. इम्प्लांटची उपलब्धता मात्र अजून सर्वत्र सारखी नाही. भारत सरकारने 2023 मध्ये ते कर्नाटक आणि तामिळनाडूसह निवडक राज्यांतील काही जिल्ह्यांत सरकारी कार्यक्रमात आणले. आपल्या भागात ते मिळते का, याची चौकशी आशाताई, परिचारिका किंवा जिल्हा रुग्णालयातील कुटुंबकल्याण विभागाकडे करावी. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मातांना तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतून ते मोफत मिळते.

काडी काढणे हे बसवण्याइतकेच महत्त्वाचे आहे, हे या साधनाचा इतिहासच सांगतो. या साधनाची कल्पना 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिलमध्ये शेल्डन सीगल आणि होरासिओ क्रोक्साट्टो यांनी मांडली आणि 1983 मध्ये फिनलंडने नॉरप्लांट या पहिल्या इम्प्लांटला मान्यता दिली. त्यात सहा नळ्या असत आणि त्या काढणे किचकट होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याच्या चाचण्या घेतल्या तेव्हा संमती कशी घेतली जाते आणि नंतर देखरेख कोण ठेवते, हे प्रश्न स्त्री संघटनांनी लावून धरले. बांगलादेशातील चाचण्यांत स्त्रियांनी विनंती करूनही नळ्या काढून द्यायला टाळाटाळ झाल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. आजची एकेरी काडी काढणे पुष्कळ सोपे आहे: जागा बधिर करून दोनतीन मिलिमीटरची चीर, काडीचे टोक वर दाबून धरायचे आणि चिमट्याने बाहेर. एका आठवड्यात संप्रेरक रक्तातून नाहीसे होते आणि बहुतेक स्त्रियांचे बीज महिन्याभरात पुन्हा बाहेर पडू लागते. पुढेही अंतर ठेवायचे असेल तर त्याच चिरेतून नवी काडी लगेच घालता येते. पण काढायला शिकलेला हात जवळपास नसेल तर या सोपेपणाचा काही उपयोग नाही. काढण्याचा प्रयत्न घरी किंवा अप्रशिक्षित व्यक्तीकडून कधीही करू नये.

इम्प्लांट घ्यायचे की नाही, हा निर्णय बाळाच्या आईचा. प्रसूतिवेदनांत किंवा भुलीच्या गुंगीत तिची सही घेणे म्हणजे संमती नव्हे. हे बोलणे गरोदरपणाच्या तपासण्यांच्या काळातच व्हायला हवे. आणि होकार देण्यापूर्वी प्रत्येक आईने एक प्रश्न अवश्य विचारावा: मुदतीपूर्वी, कोणतेही कारण न सांगता मला ही काडी काढून हवी असेल तर ती कुठे, कोण आणि किती दिवसांत काढून देईल? याचे स्पष्ट उत्तर मिळाल्याशिवाय काडी बसवून घेऊ नये.